टीका आणि चहाडी : दोन पुणेरी प्रकरणांची साक्ष

१/ "सार्वजनिक जीवनात उतरलेल्या माणसाने सारे काही सोसलेच पाहिजे" हे वाक्य हल्ली कोणाच्याही अब्रूवर हात टाकण्यापूर्वी उच्चारले जाते. त्याच्या जोडीला दुसरे येते : "खरे असेल तर बोलायला हरकत कोणती?" दोन्ही वाक्ये निर्भीड वाटतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. १८८२ ते १८९२ या दहा वर्षांत पुण्याने दोन्हींची कसोटी पाहिली. त्या कसोटीची ही हकिकत. (थ्रेड)

२/ पहिले प्रकरण कोल्हापूरचे. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात 'केसरी' हे मराठी आणि 'मराठा' हे इंग्रजी पत्र सुरू झाले. केसरीची धुरा गोपाळ गणेश आगरकरांकडे, मराठाची बाळ गंगाधर टिळकांकडे. दोघांचेही वय तेव्हा चोवीस. हाताशी भांडवल बेताचे, आणि सत्तेला जाब विचारण्याची हौस मात्र उदंड.

३/ कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा छत्रपती चौथे शिवाजी होते. १८७१ साली दत्तक आलेल्या या तरुण राजाला वेडसर ठरवण्यात आले होते. राज्याचा कारभार इंग्रजांच्या मर्जीने कारभारी माधवराव बर्वे पाहत होते. महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ होतो आहे, अशी कुजबुज कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत पसरली होती.

४/ मग काही पत्रे पुढे आली. ती बर्व्यांनीच लिहिली आहेत आणि त्यांत महाराजांविरुद्धच्या कटाचा पुरावा आहे, असे सांगण्यात आले. केसरी-मराठाने त्यांच्या आधारे बर्व्यांवर अत्यंत गंभीर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. ती पत्रे बनावट निघाली.

५/ संपादकांनी माफी मागितली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले, आणि मराठी तुरुंग-वाङ्मयात त्याला मानाचे स्थान मिळाले.

६/ या खटल्यात दहा हजार रुपयांच्या जामिनाची सोय कोणी केली? जोतीराव फुल्यांनी, रामशेठ उरवणे यांच्याकरवी. केसरीच्या संस्थापकांतील विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'तून याच जोतीरावांची यथेच्छ टवाळी केली होती. मतभेद त्यांच्या जागी राहिले, आणि सत्तेपुढे जबाब द्यायला उभ्या राहिलेल्या तरुणांना विरोधकाने हात दिला. हा एक प्रसंग त्या काळाबद्दल पुष्कळ सांगतो.

७/ ही कथा आपल्याकडे वीरकथा म्हणून सांगितली जाते : दोन तरुण, जुलमी सत्ता, तुरुंग, सुटकेनंतरचा जयजयकार. तिच्यातून एक माणूस मात्र गळतो, तो म्हणजे बर्वे. ते सत्ताधारी होते आणि त्यांच्या मागे इंग्रजांचे बळ होते, हे खरेच. पण ज्या कागदांच्या आधारे त्यांना कटवाले ठरवले गेले ते खोटे होते. सत्ताधाऱ्यावर झाला म्हणून अन्याय न्याय होत नाही.

८/ दुसरा अन्याय झाला तो ज्यांच्या कैवारासाठी हे सारे चालले होते त्या महाराजांवर. जोवर प्रश्न "महाराजांना कसे वागवले जाते?" असा होता, तोवर कारभाऱ्यांना उत्तर देणे भाग होते. बनावट पत्रे पुढे आली आणि प्रश्न बदलला : "पत्रे खरी की खोटी?" त्याचे उत्तर सोपे होते, आणि ते कारभाऱ्यांच्या बाजूचे होते.

९/ २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे नजरकैदेसारख्या स्थितीत असताना, देखरेखीवरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथ्या शिवाजी महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे त्यांच्या हालांविषयीची चिंता अनाठायी नव्हती. तक्रार खरी, पुरावा खोटा. खोट्या पुराव्याने सर्वाधिक घात होतो तो खऱ्या तक्रारीचाच.

१०/ इतके असूनही केसरी-मराठाने केले ते टीकेच्याच सदरात बसते. कारण आरोप एका अधिकारपदाच्या वापराविषयी होता, आरोप करणाऱ्यांची नावे उघड होती, आणि आरोप खोटा ठरल्यावर त्याच नावांनी माफी मागितली गेली व शिक्षाही भोगली गेली. विषय, पुरावा आणि जबाबदारी या तीन मापांपैकी ते एका मापाला उणे पडले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

११/ आता दुसरे प्रकरण. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता मान ठेवला. प्रसंग तेवढाच.

१२/ यानंतर 'पुणे वैभव' या पत्रात हजर असलेल्यांची नावे छापून आली. ती यादी पुरवली गोपाळराव जोशी यांनी. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे हे पती स्वतः रूढीवर प्रहार करणारे आणि विक्षिप्तपणाबद्दल प्रसिद्ध. चाळीसहून अधिक माणसे एका दिवसात गावाच्या तोंडी आली.

१३/ मग ग्रामण्य उभे राहिले. आजच्या वाचकाला हा शब्द परका वाटेल. ग्रामण्य म्हणजे जातिधर्माच्या आचारावरून गावात माजलेला वाद, आणि त्यातून येणारा बहिष्कार : पंक्ती वेगळ्या, भिक्षुक येणार नाही, लग्नमुंज अडणार. तक्रार शंकराचार्यांकडे गेली, चौकशी बसली, आणि अखेर रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला.

१४/ येथे "खरे असेल तर हरकत कोणती?" या वाक्याची कसोटी लागते. चहापान झाले होते. नावे छापण्यात बनावट पत्रांसारखा काही प्रकार नव्हता. पण त्या चहाने कोणाचे काय बिघडले? कोणता सरकारी पैसा खर्च झाला, कोणत्या गरिबाचा हक्क बुडाला, कोणत्या अधिकाराचा गैरवापर झाला? एकाही प्रश्नाला उत्तर नाही.

१५/ गोपाळरावांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही : व्यासपीठावर सुधारणा सांगणारे घरात किती सुधारक आहेत, हे लोकांना कळायला हवे होते. उक्ती आणि कृती यांतील अंतर हा टीकेचा रास्त विषयच आहे. रानड्यांच्या प्रायश्चित्ताने त्यांचे अनुयायी दुखावले, ते याच कारणाने.

१६/ पण हे अंतर दाखवायचे तर रानड्यांना भरसभेत प्रश्न विचारता आला असता, स्वतःच्या नावाने लेख लिहून उत्तर मागता आले असते. यादी छापून काय झाले? जी बहिष्काराची यंत्रणा मोडायची म्हणून सुधारक झगडत होते, तिच्याच हाती चाळीस माणसे सापडली. पुढाऱ्यांबरोबर ज्यांनी कधी भाषण ठोकले नव्हते तेही त्यात भरडले गेले. शिक्षा देणाऱ्याच्या कानी दुसऱ्याचे नाव घालणे, याला मराठीत टीका म्हणत नाहीत. चहाडी म्हणतात.

१७/ हा भेद त्या काळच्या कायद्यालाही ठाऊक होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये अब्रुनुकसानीचे अपवाद दिले होते. त्यातला पहिलाच अपवाद असा की, आरोप सत्य असला पाहिजे आणि तो करणे लोकहितासाठी आवश्यकही असले पाहिजे. नुसते सत्य त्याला पुरत नाही. कायदा परक्यांचा होता म्हणून ही अट टाकाऊ ठरत नाही.

१८/ मग सार्वजनिक माणसाच्या खासगी आयुष्याकडे कधी पाहायचेच नाही काय? तसेही नाही. मुंबईचा महाराज लायबल खटला त्याचे उत्तर देतो. १८६० साली करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात लिहिले की, वल्लभ संप्रदायातील काही महाराज भक्त स्त्रियांचे शोषण करतात. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा दावा ठोकला. १८६२ साली निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला.

१९/ त्या खटल्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या गुप्तरोगाविषयी साक्ष दिली. याहून खासगी गोष्ट कोणती असेल? तरीही ती कुचाळकी नव्हती. महाराजांची सत्ता आणि त्यांचे खासगी वर्तन यांचा सांधा थेट होता : गादीच्या अधिकारामुळेच ते वर्तन शक्य होत होते आणि त्याचे बळी आवाज उठवू शकत नव्हते. अधिकार आणि खासगी कृत्य यांच्यामध्ये असा सांधा दाखवता येत असेल तरच तो दरवाजा उघडावा. पंचहौदच्या चहात हा सांधा नव्हता.

२०/ दोष निनावीपणाचा आहे, असे म्हणून काहीजण मोकळे होतात. तेही पुरते खरे नाही. गोपाळ हरी देशमुखांनी शतपत्रे 'लोकहितवादी' या टोपणनावाने 'प्रभाकर'मध्ये लिहिली. १८८५ साली 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या सहीने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर जी पत्रे आली, ती रखमाबाईंची होती. नाव उघड करून लिहिणे त्यांना किती महागात पडले असते, हे सांगायला नको.

२१/ पण त्या टोपणनावामागे कोणीतरी उभे होते. १८६७ च्या छापखाना कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव बंधनकारक केले होते. लेखक पडद्याआड राहिला तरी पानाच्या तळाशी एक हाडामांसाचा माणूस जबाब द्यायला हजर असे. शिवाय रखमाबाईंनी पडद्याआडून प्रहार केला तो एका रूढीवर. शेजारणीच्या घरात काय चालते, याच्या कंड्या पिकवल्या नाहीत. दुर्बलाने बलवानापासून वाचण्यासाठी घेतलेला बुरखा वेगळा, आणि दगड मारून पळण्यासाठी घेतलेला वेगळा.

२२/ टीकेच्या धारेचाही येथे संबंध नाही. आगरकरांइतके तिखट मराठीत फार थोड्यांनी लिहिले. त्यांच्या विरोधकांनी तर ते जिवंत असताना त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली. पण १८८८ साली सुरू झालेल्या 'सुधारका'तून आगरकर झोडपत ते रूढींना आणि त्यांच्या समर्थनाला. मवाळ शब्दांत केलेली चहाडी चहाडीच राहते आणि जळजळीत शब्दांत केलेली टीका टीकाच राहते.

२३/ इतिहासाची गोडी असलेल्या तरुणांनी हे मनावर घेण्याचे खास कारण आहे. "दडवलेला इतिहास" म्हणून रोज जे पुढे ढकलले जाते, त्यात कोणाचे अनैतिक संबंध, कोणाच्या जन्माविषयीच्या शंका, कोणाच्या पत्नीविषयीच्या वावड्या यांचाच भरणा असतो. मेलेली माणसे फिर्याद लावत नाहीत, म्हणून तेथे जबाबदारीचे माप आपोआप गळून पडते. उरते ते केवळ वाचणाऱ्याचे तारतम्य.

२४/ बनावट पत्रांनी फसलेल्या दोन तरुणांकडे त्या तारतम्याचा क्षणभर अभाव होता, पण चूक स्वतःच्या नावावर घेण्याचे बळ होते. यादी पुरवणाऱ्याची माहिती चोख होती, आणि तिने भले कोणाचेच झाले नाही. कोणाविषयी काही पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न पुरेत : याचा त्या माणसाच्या अधिकाराशी संबंध काय? कागद कोणी तपासला? आणि हे खोटे ठरले तर डोंगरीला कोण जाणार? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने स्वतःला टीकाकार म्हणवू नये.