दुसऱ्याच्या लेखावर पेन चालवताना

मासिकाचं काम सुरू झालं की होस्टेलात रातोरात चार-पाच संपादक उगवतात. हातात लाल पेन आणि समोर दुसऱ्याचा लेख, मग काय विचारता! परभणीच्या एका मित्राने मागे घरच्या आठवणी लिहून दिल्या होत्या. त्यात होतं, 'माय म्हणायली, लेकरा जेवून जा.' छापून आलं, 'आई म्हणत होती, बाळा जेवून जा.' भाषा प्रमाण झाली खरी, पण ती आता त्याची माय राहिली नव्हती. त्याला हे कळलं ते अंक हातात पडल्यावर. पुढच्या वर्षी त्याने लेखच दिला नाही.

आता कुणी म्हणेल, मग चुका तशाच छापायच्या का? मुळीच नाही. पण सुधारण्याची एक रीत असते, आणि ती शिकायला फार लांब जायला नको. वेरूळहून शहराकडे निघालं की देवगिरीचा किल्ला लागतो. तिथल्या जनार्दनस्वामींचे शिष्य म्हणजे पैठणचे एकनाथ. ज्ञानेश्वरी 1290 सालची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. गंमत बघा, कमी असेल ते पुरं करून घ्या, जास्त असेल ते वगळा, अशी विनंती खुद्द ज्ञानेश्वरांनीच श्रोत्यांना करून ठेवली होती. म्हणजे परवानगी होती! शिवाय नाथ स्वतः एवढे मोठे कवी. चार ओव्या घुसवणं त्यांना काय अवघड होतं? पण त्यांनी उलट बजावलं की या ग्रंथात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. आणि शेवटी आपलं नाव व शक लिहून ठेवला.

नेमकं काय काय बदललं याची यादी मात्र नाथांनी ठेवली नाही. ती असती तर पुढच्या अभ्यासकांचे कष्ट वाचले असते. 1909 साली राजवाड्यांनी नाथांच्या आधीची म्हणून एक पोथी छापली आणि मूळ शब्द कोणता हा वाद रंगला.

लेण्यांतही हेच दिसतं. तुटलेल्या मूर्तींना पुरातत्त्व खात्याने नवी नाकं बसवलेली नाहीत. मोडक्या खांबाला आधार दिला तरी तो साधा, कोरीवकाम नसलेला. जुनं कुठे संपलं हे बघणाऱ्याला कळतं.

तेव्हा यंदा मराठी विभागाने एवढं करावं. ऱ्हस्व-दीर्घ खुशाल सुधारा. शब्द बदलायचा असेल तर पेन्सिलीने खूण करा आणि छपाईला जाण्याआधी लेखकाला दाखवा, तो दोन खोल्या सोडूनच तर राहतो. गावाकडचा शब्द कळला नाही तर त्यालाच विचारा. आणि तो सुट्टीत गावी गेला असेल, फोनही लागत नसेल, तर ते वाक्य आहे तसं जाऊ द्या.