भांदकचे बेट

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की ते परदेशाचेच असायचे, असा आपल्याकडे एक अलिखित नियमच होऊन बसला आहे. त्यातून मुलेबाळे तिकडे शिकायला जाऊ लागल्यापासून घरोघर अशी वर्णने येतात. अथेन्सला शिकणारा विद्यार्थी शनिवारी अक्रोपोलिसवर जाऊन पार्थेनॉन पाहतो, रविवारी पिरेयस बंदरात बोटीवर चढतो, एजिना बेटावर अफाया देवीचे देऊळ पाहतो आणि दिवेलागणीला खोलीवर परततो. ऐकून हेवा वाटावा अशीच गोष्ट आहे.

पण वाचकहो, पडकी देवळे आणि एक बेट एवढाच जर हिशेब असेल, तर तो आमच्या चांद्याकडेही दोन दिवसांत जमतो, आणि तोही एस. टी.च्या तिकिटात. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीबरोबर मी तो जमवला.

ही भाची नागपूरला इंजिनियरिंग शिकते. पूल आणि इमारती बांधण्याचे. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिने घरी जाहीर केले की, पदवी झाली की पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकायचे. घरात जे व्हायचे ते झाले. आमचे मेहुणे शांत गृहस्थ, पण तेही म्हणाले, "दगडधोंडे मोजून पोट भरतं का? मग चार वर्षांची फी भरली कशाला?" बहिणीचा मला फोन आला, "दादा, तूच समजाव तिला. तुझं ऐकते ती." शुक्रवारी रात्री भाची पाठीवर पिशवी टाकून चंद्रपूरला हजर झाली. समजावण्याचे काम रविवारवर ढकलून मी शनिवारी सकाळी थर्मास भरला.

भांदक, म्हणजे आजची भद्रावती, चंद्रपूरहून वरोऱ्याच्या वाटेवर आहे. गावाभोवती कोळशाच्या खाणी, रस्त्यावर ट्रकांची रांग. इथे काही पाहण्यासारखे असेल असे पाहुण्याच्या मनातही येऊ नये. पण इथेच राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२चा ताम्रपट सापडला. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावावर सांगतात, तोच हा कृष्ण. आम्ही आधी विजासनच्या टेकडीवर गेलो. तिथे बौद्ध लेणे आहे. समोरून डोंगरात सरळ शिरणारा ७१ फुटांचा बोळ, आणि त्याच्या शेवटी अंधारात आसनावर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. उजवीडावीकडेही असेच बोळ आहेत. बाहेर उन्हात उभे राहिले तर आत काहीच दिसत नाही. दहा-वीस पावले गेल्यावर डोळे निवतात आणि मग हळूहळू मूर्ती पुढे येऊ लागते. भाची बराच वेळ बोलली नाही. मीही बोललो नाही.

आता बेट. गावाजवळ डोलारा नावाचा तलाव आहे. त्यात एक बेट, आणि बेटावर जायला जुना दगडी पूल. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५च्या दौऱ्यांत या भागात हिंडले. त्या काळापासून या पुलाचे माप लिहिलेले आढळते: लांबी १३६ फूट, रुंदी ७ फूट. दगडी खांबांच्या दोन रांगा आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या लांबलचक तुळया, एवढाच काय तो पूल. कमान कुठेही नाही.

काठावर म्हशी घेऊन बसलेले एक म्हातारे ओरडले, "सांभाळून जा वो पोरी, शेवाळ हाय!" पण पोरगी पुलावर कुठली, ती केव्हाच खाली उतरून तुळयांची खालची बाजू निरखत होती.

"मामा, हे खांब इतके जवळजवळ का आहेत, सांगा बरं?"

मी म्हटले, "दगड स्वस्त असतील तेव्हा."

"नाही हो. दगडाला दाबलेलं चालतं, ताणलेलं चालत नाही. तुळईवर वजन आलं की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. फार लांब तुळई टाकली तर ती खालून तडकणार. म्हणून खांब जवळ घ्यायचे. पार्थेनॉनचंही गणित हेच. तिथेही कमान नाही, खांब आणि तुळईच. हे ज्यानं बांधलं त्याला आमचं पुस्तक न वाचता कळलं होतं!"

मी बेटावर बसून चहा ओतला. तिने तो थंड करून प्यायला, कारण तिचे मोजणे संपत नव्हते.

रविवारी मूलवरून, हरणघाटाशी वैनगंगा ओलांडून, चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला गेलो. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळून उत्तरेला वाहते, म्हणून जागा पुण्याची. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. काठावर एका आवारात देवळांचा समूह आहे. शिल्पे इतकी दाट की कनिंगहॅम यांना खजुराहोची आठवण झाली. मुख्य देवळावर पूर्वी वीज पडली, शिखराचा भाग कोसळून मंडपावर आला. पुढे गोंड राजाने डागडुजी करून ते सावरून धरले. अलीकडे पुरातत्त्व खात्याने दुरुस्तीसाठी दगड उतरवायला घेतले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. आम्ही गेलो तेव्हा उतरवलेले दगड आवारात मांडून ठेवलेले होते. एका दगडावर नर्तकीची नुसती पावले. बाकीची नर्तकी कुठल्या ओळीत पडली होती, देव जाणे.

समजावण्याची वेळ आली होती. पण ती पावले पाहून मला शब्द सुचेना. भाचीच म्हणाली, "मामा, हे परत जागेवर कोण बसवणार? नुसत्या इतिहासवाल्याला भार कळत नाही, आणि नुसत्या इंजिनियरला शिल्प कळत नाही."

मग तिने पार्थेनॉनची गोष्ट सांगितली. १६८७ साली आत साठवलेल्या दारूगोळ्यावर तोफगोळा पडून ते उद्ध्वस्त झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते जोडताना लोखंडी कड्या वापरल्या. लोखंड गंजून फुगले आणि संगमरवर फुटू लागला. पुढे १९७५मध्ये ग्रीक सरकारने समिती नेमली. इंजिनियर आणि पुरातत्त्वज्ञ एका टेबलाशी बसले. त्यांनी लोखंड काढून टायटॅनियम घातले, आणि त्या कामात दशके गेली. "फी वाया जात नाही, मामा," ती म्हणाली. "फी इथंच लागते."

रात्री मेहुण्यांना फोन लावला. मी समजूत घातली, पण ती त्यांची! पंधरा मिनिटे ऐकून घेऊन ते म्हणाले, "आधी पदवी हातात येऊ दे, तीही चांगल्या गुणांनी. मग पुण्याचा अर्ज मी स्वतः भरतो. पण पगाराचं काय, ते तिला विचारून ठेव." पगाराचे उत्तर आमच्यापैकी कुणापाशीच नव्हते. पोटाची काळजी करणारा बाप चुकीचा नसतो, हे भाचीलाही ठाऊक आहे. तिने अभ्यासाला मात्र जोर धरला आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घरचे कॉलेजातले पोर कंटाळले असेल, तर त्याला घेऊन इकडे या. विजासनला जाताना विजेरी घ्या, पण आधी थोडा वेळ ती न लावता उभे राहा. मूर्तीला हात लावू नका, दगडावर नाव कोरू नका. डोलाऱ्याच्या पुलावर शेवाळ असते, त्या आजोबांचे ऐका. आणि बरोबर एक मोजपट्टी असू द्या. मोजायला लागले की मुले प्रश्न विचारू लागतात, आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरे आपल्याला येत नाहीत. सहलीची खरी गोडी तिथेच आहे.