आगोटीच्या बेगमीत दम्याचा पंपही असू द्या

देवबाग, तारकर्ली, सर्जेकोट, आचरा... किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे. 1 जूनपासून मासेमारीबंदी लागेल. सुकी मासळी, कोकमं, लाकडं भरून ठेवायची धांदल चालू असेल. घरात दमेकरी असेल तर त्याच धांदलीत एक दिवस काढा आणि पावसाआधी त्याची फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. कुठे होते याची चौकशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छातीच्या डॉक्टरांकडे करा.

निरोगी माणूस जोरात फुंकतो तेव्हा छातीतून सुटणाऱ्या हवेचा साधारण तीन चतुर्थांश भाग पहिल्या सेकंदातच बाहेर पडतो. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, हवा अडकते, छाती फुगलेली राहते. मग फुप्फुसांखालचा श्वासपटल हा मुख्य स्नायू दबून सपाट होतो आणि त्याची ओढ कमी पडते. मानेचे, खांद्यांचे स्नायू त्याचं काम उचलतात आणि थकतात. माणूस मात्र म्हणतो, ‘आता वय झालं, धाप लागायचीच.’ हे वयाचं नाही, तपासून घ्या!

धाप लागली की ओढायचा आरामाचा पंप नळ्या तात्पुरत्या उघडतो. सूज तशीच राहते. सूज उतरवणारा पंप बरं वाटत असतानाही रोज घ्यावा लागतो. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती कृपा करून सोडा. पंपातल्या स्टिरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीचा मिलिग्रॅममध्ये, आणि वारंवार घेतलेल्या गोळ्यांनी स्नायूच दुबळे होतात. चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. श्वासाचे व्यायाम जरूर करा, पण औषधाच्या जोडीला.

भिंतींवरची बुरशी आणि ओल्या लाकडांचा धूर चार महिने घरातच कोंडणार आहे. दमेकऱ्याला चुलीपाशी बसवू नका. दोन्ही पंप आणि पंपाला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, आताच आणून ठेवा. झाड पडून रस्ता बंद झाला तर औषधाचं दुकान दूर असतं.

एक वाक्य सलग बोलता येत नाही, गळ्याची खळी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, किंवा धाप तशीच असताना छातीतली शिट्टी अचानक थांबते, यातलं काहीही दिसलं तर रुग्णाला बसवा, आरामाचा पंप स्पेसरने द्या आणि त्याच क्षणी 108 ला फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका.