एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें

एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें सुखानें नांदावयाचीं असलीं तर मधली भिंत पक्की असून भागत नाहीं. दिंडी कोणती, तिची किल्ली कोणाकडे आणि रात्रीं अडसर कोणीं घालावयाचा, हें आधीं ठरलेलें असावें लागतें. लॅपटॉपलाहि हाच नियम लागू आहे, हें आम्हांस गेल्या दिवाळींत कळलें. आणि तें कळेपर्यंतचे चार दिवस घरांत कोणाला फराळ गोड लागला नाहीं. तसा प्रसंग सध्यां पुष्कळ घरांवर येण्याचा संभव आहे, म्हणून ही हकीकत सांगतों.

संगणक सुरू होतांच त्याचा सारा कारभार जी हातीं घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या बहुतेक घरांतून हा कारभार विंडोज पाहते. २०१५ सालीं निघालेल्या विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळण्याची सोय ठेवलेली आहे. पण ती केवळ मुदतवाढ. विंडोज ११ घ्यावी म्हटलें तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची योजना आणि ठराविक यादींतील नवा प्रोसेसर लागतो. २०१६ सालीं घेतलेला आमचा लॅपटॉप ह्या परीक्षेंत नापास झाला. प्रकृति ठणठणीत असतांना एखाद्यास केवळ वयाच्या नियमानें सेवानिवृत्त करावें, तशी त्या यंत्राची गत झाली.

पुतण्या सुटींत चंद्रपुरास आला होता. त्यानें तोड काढली. "काका, ह्यांत लिनक्स घालूं. फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर चांगलें चालतें." लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्याचा गाभा लिहिला, तो जगापुढें मोकळा ठेविला आणि पुढें हजारों लोकांनीं तो वाढविला. आज जगांतले बहुतेक मोठे संगणक आणि आपल्या हातांतले अँड्रॉइडचे मोबाइल त्याच गाभ्यावर चालतात. तेव्हां पुतण्याची सूचना कांहीं वावगी नव्हती.

परंतु विंडोज काढून टाकणें आम्हांस शक्य नव्हतें. आमच्या आत्याबाईंचे यजमान वनखात्यांत होते. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा ह्या भागांत त्यांचा संसार झाला. तो मुलूख तेव्हां चांदा जिल्ह्यांतच मोडत असे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ सालीं. सागवानाच्या त्या रानांतल्या, नाले भरले कीं आठ आठ दिवस टपाल न येणाऱ्या दिवसांतल्या आठवणी आत्याबाईंनीं उतारवयांत सांगितल्या आणि आम्हीं त्या उतरून घेतल्या. पहिला भाग जुन्या मराठी टंकांत टाइप केलेला आहे. तो टंक युनिकोडच्या पूर्वींचा. त्याची सारी व्यवस्था विंडोजवरच चालते, आणि दुसरीकडे ती फाइल उघडली तर मराठीच्या जागीं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पुढला भाग टाइप करावयाचा राहिला. त्याचीं तेवीस ध्वनिमुद्रणें तेवढीं त्या लॅपटॉपवर होतीं. गेल्या वर्षीं आत्याबाईंना पक्षाघात झाला. त्यांना सर्व समजतें, पण वाचा गेली. म्हणजे तो आवाज आतां जगांत त्या एका डबींत होता, आणि त्याची दुसरी प्रत आम्हीं काढलेली नव्हती. हा अपराध माझा. तो मी येथें कबूल करतों.

दोन्ही ठेवावयाचीं असें ठरलें. पुतण्यानें विंडोजच्या जागेंतून साठ जीबी मोकळी केली, लिनक्स मिंटची प्रत पेनड्राइव्हवर उतरविली आणि यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावयास घेतलें. त्यापूर्वीं त्यानें आणखी एक गोष्ट केली. "लिनक्स घालावयाचें तर आधीं सेटिंगमध्यें लेगसी चालू करावें लागतें," असें त्यानें कोणाकडून तरी ऐकलें होतें. तसें त्यानें केलें. काम सुरू झालें. मध्येंच यंत्रानें एक लांबलचक सूचना दाखविली. चिरंजीवांनीं ती न वाचतां 'पुढें चला' दाबलें. सर्व फाइली उतरल्या, आणि अगदीं शेवटीं 'ग्रब बसविणें अयशस्वी, हा घातक दोष आहे' अशा अर्थाचें वाक्य उमटून काम थांबलें. यंत्र बंद करून पुन्हां लावलें, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: सुरू करण्याजोगें साधन सांपडलें नाहीं. लिनक्स तर नाहींच, पण विंडोजहि नाहीं.

"काका, दोन्ही गेलीं!" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पाहून मीं रागावण्याचा विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवशीं यंत्र घेऊन बाजारांतल्या एका दुकानीं गेलों. दुकानदारानें तीच काळी ओळ पाहिली आणि सांगितलें, "फॉर्मॅट मारावा लागेल. आंतलें कांहीं राहणार नाहीं." डेटा काढावयाचा असल्यास दीडशें किलोमीटरवर नागपुरास न्या, असाहि सल्ला मिळाला. मीं यंत्र पिशवींत घातलें आणि घरीं परत आणलें. तें फार मोठें शहाणपण होतें असें नव्हे. 'राहणार नाहीं' हें शब्द ऐकवेनात, इतकेंच.

येथें वाचकांस आमच्या गांवाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. चंद्रपुरास गोंड राजांनीं बांधलेला परकोट आहे. त्याला जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत. शिवाय लहान खिडक्या आहेत. समजा, एखादा पाहुणा जटपुरा दरवाजाजवळच्या घरीं यावयाचा आहे, पण त्याला कोणीं बिनबा दरवाजानें यावयास सांगितलें. तो तेथें येईल, ओळखीचें कोणी दिसणार नाहीं, आणि परत जाऊन सांगेल कीं त्या गांवांत आपलें कोणी राहत नाहीं. घर मात्र जागच्या जागीं असतें. आंत दिवाहि लागलेला असतो.

आमच्या लॅपटॉपचें नेमकें असेंच झालें होतें. संगणक सुरू होण्याच्या दोन पद्धति आहेत. जुनी पद्धत बायोसची. तींत डिस्कच्या अगदीं आरंभीं एक छोटा लेख असतो, तो वाचून यंत्र पुढें जातें. ह्या जुन्या मांडणींत डिस्कचे मुख्य भाग चारच पाडतां येतात आणि दोन टीबीपलीकडे तिची मजल जात नाहीं. नवी पद्धत यूईएफआय नांवाची. तींत डिस्कवर ईएफआय ह्या नांवाचा एक लहान स्वतंत्र भाग राखलेला असतो, आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपला दारवान त्या भागांत आणून बसविते. एकाच देवडीवर दोन घरांचे दोन दारवान बसावे, त्यांत अडचण कांहींच नाहीं. आमची विंडोज ह्या नव्या पद्धतीनें बसविलेली होती. पुतण्यानें 'लेगसी' केलें म्हणजे तो दरवाजा बंद करून जुना दरवाजा उघडला. जुन्या दरवाजावर विंडोजचा दारवान नव्हताच. लिनक्सच्या दारवानाचें नांव ग्रब. त्याला नव्या मांडणीच्या डिस्कवर जुन्या पद्धतीनें बसावयास एक एमबीची राखीव जागा लागते. ती जागा करा, असेंच ती लांबलचक सूचना सांगत होती!

'लेगसी चालू करा' हा सल्ला तरी कोठून आला? तो एके काळीं उपयोगी होता. २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट नांवाचा पहारा आला. ओळखपत्र असल्याखेरीज तो कोणास आंत सोडीना. आरंभीं लिनक्सच्या अनेक प्रकारांजवळ तें ओळखपत्र नव्हतें, म्हणून लोक मागच्या दारानें जात. पुढें प्रमुख लिनक्सांनीं रीतसर ओळखपत्र मिळविलें. दार उघडें झालें, तरी मागच्या दाराचा सल्ला मात्र तोंडोंतोंडीं चालूच राहिला. घरगुती औषधांप्रमाणें संगणकाच्या सल्ल्यांचेंहि साल विचारून घ्यावें हें बरें.

हें आम्हांस कळलें कसें, तें क्रमानें सांगतों, कारण क्रम महत्त्वाचा आहे. लिनक्सचा पेनड्राइव्ह असा असतो कीं डिस्कला हात न लावतां त्याच्यावरूनच यंत्र चालवितां येतें. तसें तें चालविलें आणि डिस्क उघडून पाहिली. विंडोजचा भाग जसाच्या तसा होता. विंडोज बंद करतांना ती पूर्ण बंद न होतां अर्धवट निजते. फास्ट स्टार्टअप म्हणतात तें हेंच. म्हणून लिनक्सनें त्या भागांत लिहिण्यास नकार दिला. वाचावयास मात्र हरकत घेतली नाहीं. आम्हांस वाचावयाचेंच होतें. दुसऱ्या पेनड्राइव्हवर प्रथम तेवीस ध्वनिमुद्रणें उतरविलीं, मग टाइप केलेला भाग, मग फोटो. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. यंत्र बिघडलें असतां आधीं माणसें बाहेर काढावीं आणि मग आग विझवावी, हा नियम येथेंहि खरा आहे.

त्यानंतर तपास. लिनक्समध्यें 'सिस' नांवाचा कप्पा असतो. त्यांत 'फर्मवेअर' आणि त्याच्या आंत 'ईएफआय' असा कप्पा दिसला, तर यंत्र नव्या पद्धतीनें सुरू झालें आहे असें समजावें. आमच्याकडे तो दिसेना. तेथेंच पुतण्यानें कपाळावर हात मारला. सेटिंगमध्यें जाऊन 'लेगसी' काढलें, यूईएफआय पूर्ववत् केलें, आणि यंत्र लावतांच विंडोज जणू कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत उभी राहिली. चार दिवसांच्या काळजीचें मूळ एका खुणेंत होतें. दुकानांत फॉर्मॅट मारला असता तर ती खूण कोणी पाहिलीहि नसती.

पुढचें काम सोपें होतें. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद केलें. पेनड्राइव्ह लावून सुरुवातीच्या यादींत पाहिलें, तों एकच पेनड्राइव्ह दोनदां दिसत असे, एकदां साधा आणि एकदां मागें 'यूईएफआय' लावलेला. दुसरा निवडला. लिनक्स पुन्हां त्याच साठ जीबींत बसविलें, आणि ईएफआयचा भाग फक्त वापरावयास सांगितला. तो पुसावयाचा नाहीं, हें पुतण्यानें दोनदां वाचून पाहिलें. ह्या खेपेस प्रत्येक सूचना मोठ्यानें वाचावयाची असा दंडक मीं घातला होता. अर्ध्या तासांत काम झालें. आतां यंत्र लावलें कीं ग्रब नम्रपणें विचारतो, कोणाकडे जावयाचें?

नव्या शेजाऱ्यांत एक कुरबूर मात्र झाली. लिनक्समधून विंडोजमध्यें गेलें कीं रात्रीं आठ वाजतां घड्याळ दुपारचे अडीच दाखवी. कारण असें कीं यंत्राच्या आंतलें घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचें समजते, तर लिनक्स तें जागतिक वेळेचें मानतें. आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. दोघेहि खरे, पण घड्याळ एक. लिनक्सला एका आज्ञेनें 'हें घड्याळ स्थानिक समज' असें सांगितलें आणि तंटा मिटला.

ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं आधीं मोलाच्या फाइलींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढावी आणि ती उघडून पाहावी. विंडोजमध्यें 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' ह्या ओळीपुढें काय लिहिलें आहे तें टिपून ठेवावें. नवें बिऱ्हाड त्याच पद्धतीनें आणावें. डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली कागदावर उतरून घ्यावी. सेटिंग बदलतांच विंडोज ती मागूं शकते, आणि ती नसल्यास खरोखरच कोणाचा इलाज चालत नाहीं. आणि एवढें करूनहि काळा पडदा दिसलाच, तर 'सांपडलें नाहीं' आणि 'नाहींसें झालें' हीं दोन वेगळीं वाक्यें आहेत, हें आठवावें.

भाऊबीजेस आत्याबाईंच्या खोलींत लॅपटॉप नेला आणि आलापल्लीच्या पहिल्या पावसाळ्याचें मुद्रण लावलें. स्वतःचा आवाज ऐकून त्या बराच वेळ डोळे मिटून होत्या. एके ठिकाणीं मुद्रणांत त्यांनीं एका नाल्याचें नांव सांगितलें आहे. तेथें त्यांनीं डोळे उघडले आणि चांगला हात हालवून 'नाहीं, नाहीं' अशी खूण केली. नांव चुकलें होतें. आम्ही एकेक नांव घेत गेलों आणि चौथ्या नांवाला त्यांनीं मान डोलविली. ती दुरुस्ती आतां तिन्ही प्रतींत केलेली आहे.