पाळणाघर वस्तीतच हवे

निवासी विभाग राहण्यासाठी असतो, तिथे आज पाळणाघराला परवानगी दिली तर उद्या कशाकशाला द्यावी लागेल, असा सवाल आमच्या भागातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांपुढे केला. टाळ्या पडल्या. आता त्या भाषणाचे निवेदन झाले आहे आणि सह्या गोळा होत आहेत. सह्या करणाऱ्यांत ज्यांची नातवंडे पाळणाघरातच वाढली असे लोकही आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पाळणाघर हा धंदा आहे आणि धंद्याची जागा बाजारात. मुले रडतात, ज्येष्ठांची दुपार नासते. सकाळ-संध्याकाळ गेटपाशी गाड्या तुंबतात. परकी माणसे आवारात येतात. फ्लॅटचे भाव पडतात. एखाद्या मुलाला काही झाले तर बालंट सोसायटीवर येते. आणि कायद्याने कंपन्यांवर पाळणाघराची सक्ती आहेच, तेव्हा नोकरी करणाऱ्या आयांनी मुले तिकडे न्यावीत.

भावांचे आधी संपवतो. नवे घर बघायला आलेले तरुण जोडपे शाळा, दवाखाना आणि पाळणाघर किती लांब आहे हे विचारल्याशिवाय टोकन देत नाही. भाव पडल्याचे एकही उदाहरण निवेदनात नाही. गाड्यांचे म्हणाल, तर वस्तीतल्या पाळणाघरात मुले चालत किंवा कडेवर येतात. तेच पाळणाघर चार किलोमीटरवर ढकलले की त्याच मुलांना घेऊन तुमच्याच गेटातून गाड्या बाहेर पडतील. आणि ज्यांना परकी माणसे म्हटले आहे ते समोरच्या बिल्डिंगमधले आईबाप आहेत.

आवाजाचा मुद्दा मात्र मनापासून मांडलेला दिसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि पाळणाघर ती ओलांडेल, असे निवेदन म्हणते. हा नियम लाऊडस्पीकर, जनरेटर, फटाके यांच्यासाठी कोणी वापरला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण शेजारी फ्लॅटचे काम निघाले की महिना-महिना फरशी फोडण्याचा आवाज आपण सोसतो, मिरवणुकीतल्या ढोल-ताशांनी काचा थरथरतात तेव्हा कोणी निवेदन काढत नाही. मोजमाप दोन वर्षांच्या मुलाच्या रडण्यापाशीच का आठवावे? जर्मनीत असेच वाद कोर्टात जाऊ लागले, तेव्हा २०११ साली तिथल्या संसदेने कायद्यातच दुरुस्ती केली: बालवाड्या आणि खेळाच्या मैदानांतून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे पर्यावरणीय उपद्रव मानायचा नाही. टोकियोने २०१५ साली शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांचे आवाज डेसिबलच्या मर्यादेतून वगळले. तरी पुढच्याच वर्षी टोकियोजवळच्या इचिकावात रहिवाशांच्या विरोधापायी एक नियोजित पाळणाघर रद्द झाले, आणि त्याच वर्षी पाळणाघरात जागा न मिळालेल्या एका अनामिक आईचा संताप जपानच्या संसदेत पोचला. म्हातारे होत चाललेले, मुलांसाठी तळमळणारे समाज या वादातून गेले आणि त्यांना कायदे बदलावे लागले. आपण त्याच वाटेने, पण उलट्या दिशेने निघालो आहोत.

आता 'धंदा' या आक्षेपाकडे येतो. निवेदनाचा सगळा जीव तिथेच आहे.

वापराप्रमाणे विभाग पाडण्याची कल्पना मुळात कशासाठी आली? गिरण्यांचा धूर, कातडी कमावण्याची दुर्गंधी, यंत्रांची घरघर माणसांच्या झोपेपासून आणि फुप्फुसांपासून दूर ठेवण्यासाठी. निवासी विभागात राहण्याला लागणाऱ्या गोष्टी नकोत, असे या कल्पनेने कधीच म्हटलेले नाही. म्हणून आपल्याकडच्या नियमावल्यांत निवासी विभागात अटींसह दवाखाने बसतात, शिशुवर्ग आणि प्राथमिक शाळा बसतात, वाचनालये, व्यायामशाळा, प्रार्थनास्थळे बसतात. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत राहत्या घरात काम करणाऱ्या वकिलाची, डॉक्टरची, सनदी लेखापालाची वीज घरगुती दरात धरलेली आहे. आमच्याच इमारतींत सीए आहेत, दहावीचे क्लास आहेत, भरतनाट्यम आहे, वास्तुसल्लागार आहेत, डबे देणाऱ्या ताई आहेत. त्यांच्याकडे येणारी माणसेही लिफ्ट वापरतात आणि पैसे देतात. त्यांच्यावर निवेदन नाही. मूल सांभाळून पैसे घेणारी बाई तेवढी धंदेवाईक.

याचे कारण कागदावर लिहिलेले नाही, पण ते ओळखायला अवघड नाही. मूल सांभाळणे हे बाईने फुकट करायचे काम, अशी आपली जुनी समजूत आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि तसे काम करणाऱ्या पुरुषांची ९७, असे दिसले. या पाच तासांना कोणी धंदा म्हणत नाही. तेच काम एखाद्या काकूंनी शेजारच्या चार मुलांसाठी करून महिन्याचे पैसे मागितले की तो व्यापारी वापर होतो, मग मालमत्ता कराचा प्रश्न निघतो, ना हरकत प्रमाणपत्राचा निघतो, 'सोसायटीचे वातावरण' निघते.

हा वाद आजचा नाही. आईने कामावर जावे का, यावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या खल झाला. जाऊ नये असे म्हणणाऱ्यांनी मुलांच्या कल्याणाचीच भाषा वापरली. पण ज्यांना जाणे भागच होते त्या बायांचे काय झाले, ते मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कितीतरी कामकरी बाया पाळीवर जाताना तान्ह्या पोराला अफू घातलेली बाळागोळी चाटवत, म्हणजे पोर संध्याकाळपर्यंत निपचित पडून राही. त्या बाया निर्दयी नव्हत्या. पोराला ठेवायला जागा नव्हती. १९३४च्या कारखाने कायद्याने प्रांतिक सरकारांना मुलांसाठी खोलीची सक्ती करण्याचा अधिकार दिला आणि १९४८च्या कायद्यात पाळणाघराचे कलम आले, ते या अनुभवातून. मुले सांभाळण्याची सोय नाकारली म्हणून आया घरी बसत नाहीत. पोटासाठी जाणारी बाई जातेच, आणि मूल मिळेल त्या आडोशाला ठेवते.

आजही तेच चालले आहे, आणि आपले नियम त्याला हातभार लावतात. मुंबईला २०१८पर्यंत लागू असलेल्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत घरगुती व्यवसायाची व्याख्या होती. घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न ठेवता, बाहेरून काही कळेल अशी पाटी न लावता केलेला व्यवसाय तो घरगुती. शिवणकाम, शिकवणी, लोणची-पापड यांना ही व्याख्या ठीक बसते. पाळणाघराला लावून बघा. आठ मुले एकटीने सांभाळणाऱ्या काकू नियमात बसतात. त्यांनी शहाणपणाने एक मदतनीस ठेवली, म्हणजे एक मूल बाथरूमला गेले तरी उरलेल्या सातांवर कोणाची नजर राहील, की त्या नियमाबाहेर. पाटी लावली नाही तर नियमात. पाटी लावली, म्हणजे पालकांना, शेजाऱ्यांना आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला इथे मुले असतात हे उघड कळेल, की नियमाबाहेर. मुलांच्या दृष्टीने जे जास्त धोक्याचे, त्याला अशी व्याख्या सूट देते आणि जे सुरक्षित त्याला दंड करते. नगररचनेच्या मुळावर घाव घातल्याची तक्रार करणाऱ्यांनी हा गुंता एकदा नीट पाहावा. परवानगी अवघड केल्याने वस्तीतली पाळणाघरे बंद पडत नाहीत. ती दाराआड जातात. मुले 'भाच्या-पुतण्यांची' होतात, हिशेब वहीत राहत नाही, पावती मिळत नाही, आणि आग लागली तर आत किती मुले आहेत हे कोणालाही सांगता येत नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप याच ठिकाणी त्यांच्यावर उलटतो. नोव्हेंबर २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण सीसीटीव्हीत सापडली. ती आठवली की आजही अंगावर काटा येतो, आणि निवेदनात तिचा उल्लेख आहे तो योग्यच आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ती घटना उजेडात आली कारण तिथे कॅमेरा होता आणि बाळाच्या अंगावरच्या खुणा आईने पाहिल्या. लपून चालणाऱ्या जागेत यातले काहीच हमखास नसते. उपाय हवा तो नोंदणीचा, तपासणीचा आणि प्रशिक्षित माणसांचा. वस्तीबाहेर हाकलून बाळाच्या अंगावरची एकही चापट कमी होत नाही.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. कायदा चांगला आहे. पण शाळेतली शिक्षिका, छोट्या दवाखान्यातली नर्स, दुकानातली सेल्सगर्ल, बँकेच्या लहान शाखेतली कारकून यांच्या कामाच्या जागी ५० माणसे कुठून आणायची? जिथे आहेत तिथलेही बघू. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या बाईने आठ महिन्यांचे मूल वाकडच्या गर्दीतून सकाळी नेऊन रात्री परत आणावे, आणि ती आजारी पडली किंवा तिने नोकरी बदलली की मुलाचीही जागा सुटावी, हे सुचवणाऱ्याने ते मूल मांडीवर घेऊन एकदा तो प्रवास करावा. लहान मुलाचे दिवसाचे ठिकाण त्याच्या रात्रीच्या ठिकाणाजवळ असावे. आजोबांना चालत जाऊन त्याला आणता यावे, ताप आला तर नेहमीचा डॉक्टर गाठता यावा.

ज्या राज्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, त्या राज्यात शिकलेल्या लोकांनी मुलांची सोय वस्तीपासून लांब न्यावी म्हणून सह्या कराव्यात, याचा मला राग येतो.

मग करायचे काय? राहत्या घरात, ठरावीक संख्येपर्यंत मुले सांभाळणे हा निवासी वापरच धरावा. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा करून घरात चालणाऱ्या, १४ मुलांपर्यंतच्या पाळणाघरांना असेच मानले. शहरांना त्यांच्याकडून वेगळी झोनिंग परवानगी मागता येत नाही, राज्याचा परवाना आणि अग्निसुरक्षेच्या अटी मात्र राहतात. आपल्या इमारती दाट आहेत, म्हणून आकडा लहान ठेवावा आणि तळमजला किंवा पहिला मजला अशी अट घालावी. मदतनीस ठेवायला बंदी नको, सक्ती हवी. पाटी लावणे बंधनकारक असावे. नोंदणी स्थानिक संस्थेकडे, तपासणी न कळवता. सोसायटीला हरकत घेता यावी ती आगीचा मार्ग, पाणी, शौचालय अशा कारणांवर. 'वातावरण' हे कारण ग्राह्य धरू नये. मोठी पाळणाघरे सुविधा भूखंडांवर व्हावीत. आणि ही सोय फक्त फ्लॅटधारकांच्या मुलांपुरती राहू नये. या इमारतींत धुणी-भांडी करायला येणाऱ्या बायांची मुले आज जिन्याखाली बसून असतात, त्यांच्या जागांचे पैसे सोसायटीने देखभाल खर्चातून द्यावेत. हा खर्च माणशी किती पडेल ते काढून बघा, आणि मग बोला.

मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२०पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७खाली सरकार तिच्यात फेरबदल करते आणि त्यासाठी हरकती-सूचना मागवते. निवेदन जायचे तर तिथे जावे, आणि त्यात पाळणाघर चालवणाऱ्या काकूंच्या सह्या पहिल्या असाव्यात.