गृहव्यवस्था : तळघराचे हप्ते

भंडारा जिल्ह्यातील चिखला येथील एका एकत्र कुटुंबाने आपल्या घरातील एक वाद आमच्यापुढे ठेविला आहे. नव्या घराखाली आठ फूट खोल तळघर काढले. भिंती व छत होईपर्यंत योजिलेली रक्कम संपली. कर्ज वाढविणे वडीलधाऱ्यांस मान्य नाही. यास्तव उरलेले काम दोन-तीन वर्षांत विभागून पुरे करावे, येथवर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पहिला हप्ता कशावर खर्चावा याविषयी. धाकटी मंडळी म्हणतात, फरशी व रंग करून येत्या उन्हाळ्यापूर्वी आजीबाईंची खाट खाली न्यावी. वरच्या खोलीत त्यांना मे महिना सोसवत नाही. थोरले बंधू म्हणतात, आधी एक पावसाळा जाऊ द्यावा.

आमचे मत थोरल्या बंधूंच्या बाजूस पडते. तथापि आजीबाईंची अडचण खोटी नव्हे. ज्या मुलखात पारा पंचेचाळीस अंशांस जाऊन भिडतो, तेथे जमिनीखालचा गारवा ही चैन नसून गरज आहे. पण तो गारवा मातीचा आहे, फरशीचा नव्हे! उघड्या कोब्यावर खाट टाकून दुपारचे चार तास त्यांना खाली विसावू द्यावे. त्यासाठी जिन्याला भक्कम कठडा व एक चांगला दिवा एवढाच खर्च आज करावा. रात्री मात्र त्यांनी वरच निजावे. ज्या खोलीस बाहेर पडण्याची वाट एकच, तीत वृद्ध माणसास एकटे ठेवणे बरे नव्हे.

मे महिन्यातील कोरडी भिंत फार फसवी असते. भंडाऱ्याकडे वर्षाकाठी सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घर ज्याला तिकडे कन्हार म्हणतात अशा काळ्या चिकण जमिनीत असेल, तर ती पाणी धरून फुगते व भिंतीस बाहेरून रेटते. बरडीसारख्या मुरमाड जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होतो. (गावाच्या नावावरून निष्कर्ष काढण्याचा मोह आम्ही आवरला आहे.) सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची पेवे पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली, ती तेथील मातीच्या गुणाने, 2005 च्या महापुराचे पाणी शिरले तेव्हा त्यांतील पुष्कळ निकामी झाली. जमिनीखालच्या जागेचे भवितव्य तिच्या बाहेरच्या अंगास ठरते.

म्हणून पहिला हप्ता भिंतीच्या बाहेरील अंगावर पडला पाहिजे. भोवतीचा भराव अद्याप घातलेला नसेल, तर हे काम एक दिवसही लांबवू नये. खडबडीत शहाबादी फरशी सिमेंटच्या मालात बाहेरून बसवून मधली फट मालाने भरण्याची, गवंडी जिला ‘बॉक्स’ म्हणतात ती पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. भराव पडल्यावर तेच काम करावयाचे तर पुन्हा खणणे आले. आतून जलरोधक रंग देऊन भागेल ही आशा व्यर्थ होय; मागून पाण्याचा दाब आला की तो रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. घराभोवतीच्या जमिनीस बाहेरच्या बाजूस उतार, आणि तळघराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात पाणी जमण्यास लहानसा खड्डा व पंपाची सोय, हीही याच हप्त्यात यावीत.

या कामाचा क्रम चिखल्याच्या लोकांना आम्ही काय शिकवावा? तेथील मॉयलच्या भूमिगत मँगनीज खाणीत खनिजाचा एक थर काढला की ती पोकळी वाळू किंवा तत्सम भरावाने भरतात, आणि त्या भरावावर उभे राहून वरच्या थरास हात घालतात. वाळू पाण्याबरोबर नळांतून सोडतात, पण तेच पाणी झिरपवून बाहेर काढण्याची तजवीज आधी केलेली असते.

पहिल्या पावसाळ्यात दर मुसळधारेनंतर ओलीची कड भिंतीवर कोळशाने आखून तारीख घालावी. ओल जमिनीतून येते की हवेतून, हेही पाहून घ्यावे. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीस घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडील अंगास जमले तर पाणी मातीतले. खोलीकडील अंगास जमले तर ती दमट हवेची वाफ, व अशा दिवसांत झरोके मिटलेलेच बरे. खारीचे पांढरे फूल दिसल्यास ते खरवडून मूळ शोधावे, त्यावर गिलावा चढवू नये.

दिवाळीनंतर दुसरा हप्ता: समोरासमोर झरोके, तारांच्या नळ्या, गिलावा. फरशी व फडताळे तिसऱ्यात. त्यांविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही.

हप्ते पाडल्याने एकूण खर्च कमी होतो, असा समज मात्र नसावा. गवंडी तीनदा बोलवावा लागतो, मालाचे भाव चढतात. बहुधा एकूण आकडा थोडा फुगतोच. वाचते ते व्याज, आणि चूक वेळीच ध्यानात येण्यास सवड मिळते. आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी पाहावी. एक हप्ता एका भावाने, दुसरा दुसऱ्याने, अशी वाटणी करू नये. ज्याचे पैसे मातीआड गेले त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि ज्याने फरशी घातली त्याची वाहवा होते. पुढे यातूनच बोलाचाली उद्भवतात. सर्वांनी दरमहा एकाच खात्यात भर घालावी व खर्च तेथूनच करावा.

तळघरात तांदळाची पोती भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी, मग ती भरलेली असो वा रिकामी, तेथे कधीही नेऊ नये. तो वायू हवेहून जड असल्याने गळती झाल्यास बाहेर न जाता तळाशी साचून राहतो.