गोव्यातून गेलेली फाशी परत कुणी आणली?

मा. सभापती आणि सर्व सदस्य,
गोवा विधानसभा, पर्वरी



समान नागरी कायद्याचा विषय देशात कुठेही निघाला की गोव्याचं नाव पुढे येतं आणि तुमची मान ताठ होते. ते योग्यच आहे. इथलं जोडपं लग्नासाठी नोंदणी कार्यालयात जाऊन दोनदा सही करतं. वडिलांच्या इस्टेटीत मुलीचा वाटा कायद्यानेच राखलेला असतो. या कायद्याची मूळ पोर्तुगीज संहिता लिस्बनमध्ये मंजूर झाली १ जुलै १८६७ रोजी. त्याच तारखेला तिथे आणखी एक कायदा झाला : लष्करी गुन्हे वगळता फाशी बंद. ९ जून १८७० च्या हुकमाने तो समुद्रापलीकडच्या प्रांतांना, म्हणजे गोव्यालाही, लागू झाला.

ही सुधारणा वसाहतींपर्यंत न्यायला पोर्तुगालला तीन वर्षं लागली. ब्रिटनने खुनासाठीची फाशी स्वतःकडे १९६५ मध्ये थांबवली, पण बर्म्युडात १९७७ मध्ये दोघांना लटकावलं. कॅरिबियनमधल्या वसाहतींत ती रद्द व्हायला १९९१ उजाडलं.

पोर्तुगीजांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यांच्या सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या कटानंतर पंधरा जणांचे जीव घेणारे तेच, १९५५ मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारेही तेच. पण त्याच वर्षी बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोवामुक्तीसाठी लढणारे सांगलीकडचे मोहन रानडे पकडले गेले, सशस्त्र आणि गोळी लागून जखमी. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. लिस्बनजवळच्या तुरुंगातून ते १९६९ मध्ये सुटले आणि त्यानंतर पन्नास वर्षं जगले. पुण्याच्या चापेकर बंधूंना इंग्रजांनी एवढं आयुष्य ठेवलं नाही.

मुक्तीनंतर आपण नागरी कायदा ठेवून घेतला आणि भारतीय दंडविधान आणलं. तेही ओघानेच आलं. मात्र त्याच्याबरोबर फाशीही आत आली. नव्या न्याय संहितेतही ती आहे, आणि ही संहिता लागू झाली (योगायोग पाहा) १ जुलैलाच, २०२४ साली.

एखादा अमानुष गुन्हा घडला की 'फाशी द्या'चे फलक निघतात. तो संताप खोटा नसतो. पण जन्मठेपेतल्या माणसाबाबत न्यायालयाची चूक उघडकीला आली, तर त्याला निदान बाहेर तरी काढता येतं.

विधि आयोगाने २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध एवढे अपवाद ठेवून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी त्रिपुराच्या विधानसभेने केंद्राला तसा ठराव पाठवला. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती मिळाली तर राज्यालाही दुरुस्ती करता येते. तुम्ही निदान ठराव तरी करा. अशासकीय कामकाजाच्या एखाद्या शुक्रवारी तो मांडा. पाडायचाच असेल तर मतविभागणी घेऊन पाडा, म्हणजे कोणी कुठल्या बाजूने मत दिलं हे इतिवृत्तात नावानिशी राहील.

आपला,
एक मराठी वाचक